कूलोम म्हणजे नुसता फॉर्म्युला नाही हो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत विजेवरचं पान वाचलं, नात अकरावीला आहे म्हणून मुद्दाम कापूनही ठेवलं. चित्रं छान आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण चौकटीत कूलोम या फ्रेंच शास्त्रज्ञाबद्दल चार ओळी छापल्यात त्यातल्या दोन ओळी वाचून राहवेना. एक तर "सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात हे कूलोमने शोधले" असं लिहिलंय, ते चूक आहे. विजेचे दोन प्रकार असतात आणि सारखे असले की दूर पळतात हे द्यू फे नावाच्या फ्रेंच माणसाने १७३३ च्या सुमारास सांगून ठेवलं होतं, कूलोम तेव्हा जन्मलाही नव्हता. कूलोमने काय केलं तर ते ढकलणं किती ते मोजलं. आणि दुसरं, "आयुष्यभर प्रयोगशाळेत रमलेला शास्त्रज्ञ". हे वाचून तर मला हसूच आलं. अहो तो सैन्यातला इंजिनिअर होता! निम्मं आयुष्य साइटवर गेलं त्याचं.

मी स्वतः रिटायर्ड ओव्हरसियर. डिप्लोमाला असताना आम्ही सगळे त्याला "कुलंब" म्हणायचो (फ्रेंचमध्ये शेवटचा ब म्हणतच नाहीत हे फार उशिरा कळलं), आणि गंमत म्हणजे आमचा कुलंब विजेचा नव्हताच, तो मातीचा होता. रिटेनिंग वॉलच्या मागची माती भिंतीला किती रेटते ते काढायची त्याची पद्धत आम्हाला होती, माती कधी तुटून घसरेल ते सांगणारा मोहर-कूलोम नियम होता. फिजिक्समधला कूलोम आणि हा एकच माणूस, हे मला वाटतं आमच्यातल्या निम्म्या पोरांना पास होऊन बाहेर पडेपर्यंत माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, कबूल करतो.

तर हा माणूस १७३६ साली अंगुलेम गावात जन्मला, मेझिएरच्या लष्करी इंजिनिअरिंग स्कूलमधून १७६१ ला बाहेर पडला आणि तीन वर्षांत त्याची बदली झाली ती थेट कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर. साखरेच्या मळ्यांत गुलाम राबवणारं बेट ते, १७६२ ला इंग्रजांनी घेतलं होतं आणि पुढच्या वर्षी तहात फ्रान्सला परत मिळालं, त्यामुळे आता पक्का किल्ला हवा असं वरून ठरलं. त्या फोर्ट बूर्बोंचं काम कूलोमच्या गळ्यात. हाताखाली बाराशे माणसं, वय तिशीच्या आत, आणि हवा अशी की तापाने तो स्वतः कितीदा अंथरुणाला खिळला, तब्येत जी गेली ती कायमची. आठ वर्षं काढली तिथे. १७७२ ला परत आला.

त्या आठ वर्षांत त्याला काय कळलं, तर पुस्तकातली थिअरी आणि टेबलावरचे छोटे प्रयोग मोठ्या कामाला पुरे पडत नाहीत. हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. त्या काळी किल्ल्याच्या भिंतीची जाडी ठरवायची म्हणजे जुन्या नामांकित इंजिनिअरांची ठरलेली मापं घ्यायची आणि बांधत सुटायचं. याने विचार केला की भिंत ढासळते तेव्हा मागची सगळी माती काही अंगावर येत नाही, एक पाचर सुटते आणि घसरते. मग ती पाचर कोणत्या उतारावर सुटली तर रेटा सगळ्यात जास्त बसेल? वेगवेगळे उतार धरून बघायचे, सगळ्यात वाईट जो निघेल त्याला भिंत टिकली पाहिजे. आणि माती धरून राहते ती दोन कारणांनी, एक घर्षण आणि एक तिचा आपला चिकटपणा, हे दोन्ही त्याने वेगळे धरले. १७७३ ला हा निबंध त्याने पॅरिसच्या विज्ञान अकॅडमीपुढे वाचला, १७७६ ला छापून आला, आणि सुरुवातीलाच म्हणतो की हे मी आधी माझ्या स्वतःच्या कामापुरतंच लिहिलं होतं. म्हणजे साइटवरची वहीच म्हणा ना.

आता हे मला का भिडतं ते सांगतो. एका घाटरस्त्याच्या कामावर आम्ही बांधलेल्या भिंतीला दुसऱ्याच पावसाळ्यात पोट आलं. मागे भराव मुरमाचा, वीप होल (पाणी बाहेर पडायला भिंतीत ठेवलेली भोकं) होती पण कामाच्या घाईत अर्धी मसाल्याने बुजलेली, आणि पाणी आत साठून राहिलं. सकाळी मुकादम म्हणाला साहेब भिंत फुगलीय, मी म्हटलं काहीतरीच, जाऊन हात लावून बघितलं तर दगडांमधून गार पाणी झिरपत होतं आणि वरच्या कडेला भरावात बोटभर रुंद भेग पडलेली, भिंतीला समांतर. ती भेग म्हणजेच पाचरीची वरची कड. कॉलेजात आकृती शंभरदा काढली होती पण पाचर म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

पुढे १७७९ ला कूलोमला रोशफोर बंदरात पाठवलं, तिथल्या गोदीत त्याने घर्षणाचे प्रयोग केले. छोट्या ठोकळ्यांवर भागवलं नाही, चांगलं भारी वजन ठेवून, ओक लाकडावर ओक, धातूवर धातू, कोरडं, चरबी लावून. वस्तू जितका जास्त वेळ एका जागी बसून राहील तितकी हलवायला जड जाते हेही त्याने मोजलं. त्यावर १७८१ ला अकॅडमीचं मोठं बक्षीस मिळालं आणि त्याच साली अकॅडमीत घेतलं. लगेच दोन वर्षांनी ब्रिटनी प्रांतात कालवे आणि बंदरांच्या योजना तपासायला पाठवलं, याने सरळ लिहिलं की एवढ्या खर्चाच्या मानाने फायदा नाही, तर आठवडाभर पॅरिसच्या तुरुंगात बसावं लागलं. प्रतिकूल रिपोर्ट लिहिणाऱ्याचं काय होतं ते आपल्याकडच्या कुठल्याही इंजिनिअरला विचारा, फक्त आता तुरुंगाऐवजी बदली होते.

माणसाच्या अंगातली ताकद दिवसाला किती काम देते यावरही त्याचा एक निबंध आहे, तो माझा सगळ्यात आवडता. ओझं वाहणं, जिना चढणं, कुदळ-फावडं, ढकलगाडी, सगळं हिशोबात घेतलंय. मार्टिनिकला सैनिक घामाने निथळत असतात, फ्रान्समध्ये दिवसाला जेवढं काम करतील त्याच्या निम्मंही तिथे होत नाही, हे त्याने स्वच्छ लिहिलंय, माणसं आळशी आहेत असं नाही म्हणाला. आणि एक सूचना केलीय की बरेच दिवस सलग मोजायला वेळ नसेल तर निदान दिवसातून वेगवेगळ्या वेळी मजुरांना कळू न देता बघा. हे वाचून मी उडालोच. साहेबांची जीप वळणावर दिसली की घमेली कशी धावायला लागतात हे ज्याने बघितलंय त्यालाच हे सुचणार.

आता विजेकडे येतो, कारण तुमचं पान त्यावर होतं. १७८५ साली, म्हणजे वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्याने तो पिळाचा काटा मांडला. काचेचं नळकांडं, त्यात वरून लोंबणारी अगदी बारीक चांदीची तार, तारेला खाली आडवी काडी, काडीच्या एका टोकाला झाडाच्या गाभ्याची हलकी गोळी आणि दुसऱ्या टोकाला तोल सांभाळायला कागदाची चकती. शेजारी तशीच एक गोळी पक्की बसवलेली. दोघींना एकच वीज दिली की हलती गोळी दूर पळते, तारेला पीळ बसतो, तार उलटी ओढते, आणि जिथे दोन्ही जुळेल तिथे काडी थांबते. तार किती अंश पिळली की किती जोर लागतो हे त्याने वर्षभर आधीच पक्कं केलं होतं. पहिल्यांदा गोळी ३६ अंशांवर थांबली. मग वरची घुंडी १२६ अंश फिरवली, गोळी आली १८ वर, म्हणजे अंतर निम्मं आणि एकूण पीळ १२६ अधिक १८ म्हणजे १४४, ३६ च्या बरोबर चौपट. मग घुंडी ५६७ पर्यंत नेली, गोळी ८.५ वर, एकूण पीळ ५७५.५, म्हणजे ३६ च्या जवळजवळ सोळापट. अंतर निम्मं झालं की जोर चौपट, हाच तो पोरांचा फॉर्म्युला. (इंग्लंडात कॅव्हेंडिश नावाच्या शास्त्रज्ञाने हे आधीच काढलं होतं पण छापलंच नाही, शंभर वर्षं कागद पडून राहिले.)

क्रांतीनंतर १७९३ ला वजनमापांच्या कमिशनवरून लाव्हाझिए, लाप्लास या शास्त्रज्ञांबरोबर कूलोमलाही काढलं, लाव्हाझिएचं पुढे मुंडकं उडालं, हा मात्र ब्लुआजवळच्या आपल्या घरी जाऊन राहिला. नंतर परत आला, शाळांचा इन्स्पेक्टर जनरल झाला आणि १८०६ ला पॅरिसमध्ये वारला. १८८१ ला विजेच्या प्रभाराच्या एककाला त्याचं नाव दिलं. नातीला सांगितलं, तुझ्या फोनची बॅटरी पाच हजार एमएएचची ना, मग त्यात अठरा हजार कूलोम आहेत, तर म्हणते आजोबा चार्जिंग तरीही संपतंच.

तेव्हा विनंती एवढीच की द्यू फेबद्दलची दुरुस्ती छापा, आणि जागा असेल तर कूलोमच्या फोटोऐवजी ते तीन आकडे छापा, ३६, १८ आणि ८.५. तिसरा खरं तर ९ यायला हवा होता. आमच्याकडे एमबी (कामाच्या मोजमापांची वही) लिहिताना कुणीही डोळे झाकून ९ केला असता, मीही कधी कधी केलाय. त्याने ८.५ आला तो ८.५ च छापला.

आपला नेहमीचा वाचक,
एक निवृत्त ओव्हरसियर, सातारा