टेबल आतल्या भिंतीला लावा

डोंबिवली, 17 ऑगस्ट 2025

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगायला घेतलं असतं तर बाबांनी "बरं, ठेवतो" म्हटलं असतं आणि आई नुसती गप्प राहिली असती. म्हणून लिहिते आहे. गणपतीला येते आहे ती परत जायला नाही. यापुढे ऑफिसचं काम घरूनच करणार. महिन्यातून दोन दिवस मुंबईला जावं लागेल, तेवढंच. पगार तोच आहे.

आणि बाबा, आंब्याचे जे 50,000 तुम्ही मला स्कूटरसाठी पाठवलेत, त्यातून मी कॉम्प्युटर जोडला. तुम्हाला न विचारता. गेले तीन आठवडे हे मनाला टोचतंय.

तुम्हाला हिशेब लागतो, तो आधी देते. प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, 11,800, मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात ती पाटी, 7,100, 16 जीबी रॅम, म्हणजे चालू कामापुरती स्मरणशक्ती, 4,000, फाइली साठवायची एसएसडी 3,300, पॉवर सप्लाय 3,400, कॅबिनेट 2,900. मॉनिटर 24 इंची घेतला, 8,200 चा, कारण दिवसभर ड्रॉइंगच्या बारीक रेघा बघायच्या असतात. वीज गेल्यावर थोडा वेळ चालवणारा यूपीएस 4,600, कीबोर्ड-माउस 1,200. सगळं 18 टक्के जीएसटी धरून 46,500. तेवढ्याच ताकदीचा तयार सेट 55 हजारांच्या खाली कुणी द्यायला तयार नव्हतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतलं नाही. माझ्या कामापुरती चित्राची सोय या प्रोसेसरच्या पोटातच आहे. उरलेले 3,500 आईच्या चष्म्याला ठेवलेत, त्यात वाद नको. इथलं भाड्याचं माझ्या वाट्याचं साडेनऊ हजार वाचेल, म्हणजे पाच महिन्यांत सगळे पैसे निघतात.

वेळ मात्र गेला, ते लपवत नाही. भाताच्या लावणीला येता येणार नाही म्हणाले, तेव्हा ऑफिसचं काम खरंच होतं. पण त्यानंतरचे दोन शनिवार लॅमिंग्टन रोडवर गेले. एकाच रॅमचा भाव दोन दुकानांत चारशेनी वेगळा, मग ग्रँट रोड स्टेशनाकडून पुन्हा मागे वळायचं. एक अख्खा रविवार जोडण्यात गेला. त्यातल्या एका दिवशी तरी मी तुमच्याकडे असायला हवी होते.

लॅपटॉप का नाही, असं ताईने विचारलं. तिचा लॅपटॉप आपल्या खाऱ्या हवेने बिघडला तेव्हा दोन महिने दुरुस्तीला पडून होता, ते ती विसरली. याचं तसं नाही. जो भाग जाईल तेवढाच काढायचा, नवा बसवायचा. रॅमच्या पट्टीला ओल धरली तर खोडरबराने तिचे पितळी दिसणारे दात हलके पुसायचे. प्रत्येक वस्तूचं बिल वेगळं आहे, प्रोसेसरला 3 वर्षांची वॉरंटी आहे.

जोडताना तुमची फार आठवण आली, बाबा. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर एक सोनेरी त्रिकोण असतो, तो मदरबोर्डवरच्या खुणेशी जुळवायचा आणि नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. हात थरथरत होता. पावसात रेडिओ खरखरायला लागला की तुम्ही मागचं झाकण काढून तो चुलीच्या उबेला ठेवायचात आणि मला पाटावर राखण बसवायचात. भात उतू गेला तरी मी रेडिओवरची नजर काढायची नाही, आणि आई दोघांवर ओरडायची. इथे सगळं जोडून बटण दाबलं, पंखा फिरला, पण स्क्रीन काळीच. चाळीस मिनिटं एकेक वायर काढून घातली. शेवटी बघितलं तर रॅम एका बाजूने बसलीच नव्हती. तिचा 'टक्' आवाज आला आणि अक्षरं उमटली. रात्रीचे अकरा वाजून गेले होते, नाहीतर तेव्हाच फोन केला असता.

विहिरीवर तुम्ही पडलात म्हणून मी येते आहे, असं मनात आणू नका. त्याच्या आधीपासून मला तिथेच राहावंसं वाटत होतं. आगरात माड किती उरलेत ते मला ताईकडून कळतं, याचं वाईट वाटतं.

आता नीट ऐका. टेबल माजघरातच, पण खिडकीखाली नको, झड आत येते. आतल्या भिंतीला लावा. ते बाबांनी हलवायचं नाही, दोन माणसं बोलवा. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. 'निसर्ग' वादळानंतर घाईत जोडलेली ती वायर तशीच आहे. यूपीएस पंधरा-वीस मिनिटंच चालतो, काम सेव्ह करून बंद करण्यापुरता. परतीच्या पावसात गडगडायला लागलं की नुसतं बटण बंद नाही, प्लगच काढायचा. आई, तू विणलेलं कव्हर मी नक्की घालीन, पण मशीन बंद असतानाच. चालू असताना त्याला हवा लागते. बाबा, रक्तदाबाची गोळी सकाळीच, जेवणानंतर आठवली म्हणून नाही.

सोमवारी रात्रीच्या एसटीने निघते, हरतालिकेला सकाळी पोचेन. कॅबिनेट गोधडीत गुंडाळून मांडीवर घेणार आहे. मॉनिटरचं खोकं मोठं आहे, पण बाबांनी नाक्यावर यायचं नाही. मी रिक्षा करीन.

तुमची,
मनू