क्लबहाऊसमध्ये शनिवारी रात्रीपासून पहाटेपर्यंत चाललेल्या साय-ट्रान्स पार्टीबाबत लेखी तक्रार

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती
बाणेर, पुणे

महोदय,

सप्रेम नमस्कार. आजवरच्या तक्रारी मी तोंडी किंवा सचिवांच्या व्हॉट्सॲपवर केल्या. 'बघतो' यापलीकडे उत्तर आले नाही, म्हणून हे पत्र. त्याची पोच मी कार्यालयातून घेतली आहे.

शनिवारी बी विंगमधील सभासदांच्या चिरंजीवांनी क्लबहाऊस वाढदिवसासाठी म्हणून घेतले. प्रत्यक्षात तिथे साय-ट्रान्सची, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची, लाइव्ह पार्टी झाली. संध्याकाळी टेम्पोतून माणसाच्या उंचीचे बेसचे (खर्जातल्या आवाजाचे) स्पीकर, सिंथेसायझर आणि निळे दिवे उतरताना मी बाल्कनीतून पाहिले. प्रवेशासाठी पैसे घेतल्याचे स्क्रीनशॉट माझ्याकडे आहेत. घरच्या वाढदिवसाला कोणी पाहुण्यांकडून यूपीआयवर पैसे मागत नाही. साडेनऊला सुरू झालेला आवाज पहाटे साडेतीनला थांबला.

हे संगीत ज्यांनी ऐकलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. मिनिटाला साधारण १४० ते १४५ ठोके, प्रत्येक ठोक्याला ड्रमचा दणका आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत धावता बेस. एक ट्रॅक सात-आठ मिनिटांचा असतो आणि तो संपायच्या आत दुसरा त्यात मिसळलेला असतो. सनईचौघडा असो, बँड असो, मध्ये कुठेतरी श्वास असतो. इथे तो नसतो, कारण नाचणाऱ्याची तंद्री तुटू नये हाच त्यामागचा उद्देश. नाचणाऱ्यांना त्यात आनंद मिळत असेल, मी नाकारत नाही. पण ५० हर्ट्झच्या आसपासच्या बेसची तरंगलांबी जवळपास सात मीटर असते. तो खिडक्या लावून, पडदे ओढून अडत नाही, भिंतीतून आत येतो. आमच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचे डबे रात्रभर थरथरत होते. सासूबाईंची बायपास झालेली आहे. त्या पलंगावर बसून 'छातीत काहीतरी वाजतंय' म्हणत होत्या. मुलगा बारावीला आहे, रविवारी सकाळी त्याची सराव परीक्षा होती.

रात्री अकराला मी सचिवांना फोन केला. ते म्हणाले, "क्लबहाऊस बंदिस्त जागा आहे, चालतं." ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये बंदिस्त सभागृहाला रात्री सवलत आहे हे खरे. पण ती आतल्या आत संवाद साधण्यासाठी आहे, आणि त्या रात्री तलावाकडचे सरकते काचेचे दरवाजे सताड उघडे होते, दोन स्पीकर तर हिरवळीवरच होते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. खासगी जागेच्या हद्दीवर फार तर त्याहून ५ जास्त. माझ्या बेडरूममध्ये फोनच्या ॲपवर आकडा सत्तरच्या खाली आला नाही, आणि असे मोजमाप बेसचा आवाज कमीच दाखवते. शेवटी मी ११२ ला फोन केला. पोलीस आले, आवाज खाली आला, गाडी गेटबाहेर पडली आणि आवाज पुन्हा वर गेला.

मला संगीताचे वावडे आहे असे कोणी म्हणू नये. मी पुण्यातच वाढले आहे. १९५३ साली सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चालायचा, भीमसेनजींच्या गाण्याने सांगता होईपर्यंत बाहेर उजाडलेले असायचे. दहाच्या नियमामुळे ती परंपरा गेली. आम्हाला वाईट वाटले, पण पाळला ना नियम? जो नियम सवाईला लागतो तो आपल्या क्लबहाऊसला का लागू नये?

'ही गोव्याची संस्कृती आहे, काकू' असे मला त्या चिरंजीवांनी लिफ्टमध्ये ऐकवले. ज्यातून साय-ट्रान्स आले तो गोवा ट्रान्स हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यांवर वाढला, मान्य. पण तिथले रहिवासीही रात्रीच्या आवाजाविरुद्ध उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेले आहेत. आणि आपल्या आवारात समुद्र नाही, चार विंग समोरासमोर आहेत, त्यामुळे आवाज मधल्या चौकातच घुमत राहतो.

हे एकाच रात्रीचे नाही. याच घराने होळीला रेन डान्स केला तेव्हा टाकी रिकामी झाली आणि सी विंगला दुपारपर्यंत पाणी नव्हते. व्हिजिटर पार्किंगमध्ये त्यांची दुसरी गाडी कायम उभी असते. जिन्यातली चपलांची कपाटे हलवा म्हणून परिपत्रक निघाले, आम्ही त्याच दिवशी हलवले, त्यांचे अजून तिथेच आहे. ते सभासद पूर्वी खजिनदार होते म्हणून समिती त्यांना काही बोलत नाही, असे ए आणि सी विंगमधल्या बहुतेकांचे मत आहे. समोरासमोर कोणी सांगणार नाही, पण वॉकिंग ट्रॅकवर मला सगळे हेच सांगतात.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाच्या तक्रारीवर समितीने लगतच्या सभेत निर्णय घ्यायचा असतो आणि पुढच्या १५ दिवसांत तो कळवायचा असतो. त्याप्रमाणे मला लेखी उत्तर हवे आहे. क्लबहाऊसच्या बुकिंगचा अर्ज, भरलेले शुल्क आणि ध्वनिक्षेपकाची पोलीस परवानगी असल्यास तिची प्रत दाखवावी. संबंधित सभासदांनी सूचना फलकावर लेखी दिलगिरी व्यक्त करावी आणि त्यांना वर्षभर क्लबहाऊस देऊ नये. रात्री दहानंतर क्लबहाऊसच्या विजेचा मुख्य स्विच सुरक्षारक्षकाने बंद करावा, किल्ली सचिवांकडे नको.

उत्तर न आल्यास हेच पत्र मी उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे देईन.

आपली,
सी विंग, तिसरा मजला

प्रत: सचिव, तसेच चारही विंगचे सूचना फलक