केबलचोरीची नोंद कोण घेणार?

महोदय,

जत तालुक्यात माझं मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची तार नव्याने भरून देण्याचं दुकान आहे. गुन्हे वाढले की घटले हे पोलीस वर्षाअखेरीस आकड्यांत सांगतात, मला ते दुकानात येणाऱ्या शेतकऱ्यांवरून कळतं. २०२३ ला पावसाने दगा दिला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मोटार जळाली म्हणून येणाऱ्यांपेक्षा 'केबल गेली' म्हणून येणारेच जास्त होते.

चोरीची रीत ठरलेली आहे. थ्री फेज लाईट गेली, माणूस वस्तीवर परतला, की विहिरीवरची केबल कापायची, ओढ्यात नेऊन वरचं प्लास्टिक जाळायचं आणि तांबं भंगारात घालायचं. कधी स्टार्टर जातो, कधी डीपीतलं, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधलं ऑईल आणि कॉईल. चोराला फार काही मिळत नाही. शेतकऱ्याचं नुकसान मात्र केबलच्या बिलावर थांबत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर घड सुटायच्या वेळी द्राक्षबागेचं पाणी चुकलं तर वर्षाचं पीक हातचं जातं, म्हणून त्याला केबल त्याच दिवशी हवी असते. सोसायटीचं कर्ज आधीच थकलेलं असतं. मग रोख येते गावातल्या सावकाराकडून, महिन्याला शेकडा दहाने, कोरा चेक आणि कोऱ्या स्टॅम्पवर सही देऊन.

हाही गुन्हाच आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि सावकाराने लुबाडलेली जमीन परत मिळवण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. पण सावकाराविरुद्ध जाणाऱ्याला पुढच्या नडीला कोण उभं करणार? केबलसाठी ठाण्यात जावं तर जुनं बिल मागतात, अर्ज ठेवून घेतात आणि घरी पाठवतात. एका दुष्काळात एकाच माणसावर दोन गुन्हे होतात आणि दप्तरी एकही लागत नाही!

संशय आधी जातो पारध्यांच्या पालांवर. अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ ला रद्द झाला, गावाच्या डोक्यातून अजून गेला नाही, याचा मला संताप येतो. माझ्या पाहण्यात सापडलेली पोरं आमच्याच गावांतली होती. पाण्याअभावी बागा तोडल्या गेल्या, हातचं काम गेलं, गाडीचे हप्ते थकले. त्यांच्या चोरीला मी माफी मागत नाही. पण तो माल घेणारा भंगारवाला मोकळा का? वायंडिंगची तार एकेरी असते, केबलच्या तांब्याला बारीक तारांचे अनेक पदर असतात. जळकी तार हातात घेतली की मला ती कशाची ते कळतं, रोज तांबं तोलणाऱ्यालाही कळतंच.

पोलीस अधीक्षकांनी केबलचोरीचा प्रत्येक अर्ज गुन्हा म्हणून नोंदवायला लावावा आणि भंगार दुकानांच्या खरेदीच्या वह्या तपासाव्यात. सहायक निबंधकांनी तक्रारीची वाट न बघता गावात येऊन सावकारीची चौकशी करावी. आणि जिल्हा प्रशासनाला एक विनंती. रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. १९७७ ला तिचा कायदा झाला. आमच्याकडे बोअर आटायला लागतात जानेवारी-फेब्रुवारीत. कामं तेव्हाच काढावीत, टंचाई जाहीर होईपर्यंत थांबू नये.

— एक रिवायंडिंग कारागीर, ता. जत, जि. सांगली