रेटिनॉल लावता? मग वॅक्सिंगआधी सांगा

माननीय संपादक,
स. न.

आपल्या पुरवणीत रेटिनॉलवर आलेला लेख वाचला. सुरकुत्या पुसट होतात, मुरुम कमी होतात, डाग फिकट पडतात असं त्यात म्हटलंय आणि ते खरं आहे. पाठीशी इतका भक्कम अभ्यास असलेले घटक प्रसाधनांच्या बाजारात फार थोडे. पण ते वापरायचं कसं, याला लेखात मिळाली ती एकच ओळ, तीही शेवटची : रात्री झोपताना चेहऱ्याला लावा. मी ब्यूटीशियन आहे. त्या ओळीचे परिणाम माझ्यासमोर खुर्चीत येऊन बसतात, म्हणून हे पत्र.

चेहऱ्याच्या वॅक्सिंगला आलेल्या प्रत्येकीला मी आधी विचारते, "रात्री काय लावता?" उत्तर बहुतेक ठरलेलं, "काही नाही हो, साधं नाइट क्रीम." मग मी क्रीमच्या डबीचा फोटो मागते. मागची बारीक अक्षरं मोठी करून वाचली की रेटिनॉल, रेटिनल नाहीतर रेटिनील पामिटेट असं एकाच घराण्यातलं काहीतरी बऱ्याचदा सापडतं. कधी फोटोचीही गरज पडत नाही. नाकपुडीच्या कडेला बोट फिरवलं की पांढुरके पापुद्रे बोटाला लागतात, ओठांचे कोपरे चिरलेले असतात आणि हनुवटी ताणल्यासारखी चकाकत असते. या चकाकीला हल्ली ग्लो म्हणतात. मला ती चिडलेली कातडी दिसते. तिच्यावर वॅक्स लावून पट्टी ओढली तर केसांबरोबर वरचा थरही निघून येतो. घरच्या घरी वरच्या ओठावर पट्टी ओढून आलेल्या एका मुलीचा चेहरा मी पाहिलाय. ओठाच्या वर ओलसर, गुलाबी पट्टा आणि त्याची कड पट्टीच्या आकाराची, अगदी सरळ. जखम भरली, पण तपकिरी डाग बराच काळ राहिला. तिचं म्हणणं एवढंच, "क्रीमच तर लावत होते!"

आता या क्रीमचं. रेटिनॉल हे अ जीवनसत्त्वाचं एक रूप. त्वचेत शिरल्यावर त्याचं आधी रेटिनाल्डिहाइड आणि मग रेटिनॉइक ॲसिड होतं. खरं काम करतं ते हे शेवटचं. ते पेशींच्या केंद्रकापर्यंत पोचतं, नव्या पेशी भराभर वर यायला लागतात आणि कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन, तयार व्हायला चालना मिळते. डॉक्टर लिहून देतात ते ट्रेटिनॉइन म्हणजे तयार रेटिनॉइक ॲसिडच. मुरुमांवरचं औषध म्हणून अमेरिकेत त्याला १९७१ मध्ये मंजुरी मिळाली आणि उन्हाने सुरकुतलेल्या त्वचेवर ते लागू पडतं हे अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडलं. रेटिनॉल त्यामानाने बरंच सौम्य आहे, पण घराणं औषधाचंच.

बाटलीवरच्या टक्केवारीचा तर वेगळाच घोळ. ०.३ पेक्षा १ टक्का बरा, कारण आकडा मोठा! जास्त टक्के म्हणजे जास्त हुशार, हा शाळेतला हिशेब इथे कामाचा नाही. युरोपीय संघाने २०२४ मध्ये नियम करून चेहऱ्याच्या प्रसाधनांत रेटिनॉलची मर्यादा ०.३ टक्के आणि अंगाला लावायच्या लोशनमध्ये ०.०५ टक्के ठरवली. त्यांची काळजी होती आहार, गोळ्या आणि प्रसाधनं मिळून शरीरात जाणाऱ्या एकूण अ जीवनसत्त्वाची. चेहरा सोलण्याची नव्हे. तरी नव्याने सुरू करणाऱ्याला ०.१ ते ०.३ पुरेसं आहे, त्याच्या वर धावायची गरज नाही.

आणि सुरू करायचं म्हणजे रोज नाही. पहिले काही आठवडे आठवड्यातून दोन रात्री, सोसलं तर एक दिवसाआड, तेही सोसलं तरच रोज. तोंड धुऊन ते पूर्ण कोरडं होऊ द्यायचं, कारण ओल्या त्वचेवर चुरचुर वाढते. संपूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं पुरतं. माझ्याकडच्या बायका हे ऐकून हसतात, त्यांना वाटतं मी काटकसर शिकवतेय. पापण्या, नाकाच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोडायचे. त्वचा नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग रेटिनॉल, वरून पुन्हा मॉइश्चरायझर. त्याच रात्री ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक ॲसिड नको, स्क्रब तर नकोच नको. सकाळी निदान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन. हे ज्यांना रोज जमणार नाही त्यांनी रेटिनॉलच्या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रात्री दुरुस्ती आणि दिवसा नासधूस, यातून हाती काय लागणार?

सुरुवातीला थोडा कोरडेपणा, थोडे पापुद्रे येतातच, काही आठवड्यांत ते बसतं. नेहमीच्या जागी चार मुरुम एकदम उठले तरी घाबरायचं कारण नाही. पण जिथे कधीच काही येत नाही तिथे पुरळ आलं, साधं पाणी लागलं तरी आग झाली, डोळ्यांभोवती सूज आली, तर ते बंद करायचं. "चामडी निघतेय म्हणजे काम करतंय" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर देताना आवाज चढतो. ज्यांच्या त्वचेत रंगद्रव्य जास्त, त्यांच्या बाबतीत अशी आग ओसरली तरी मागे काळे डाग राहतात. म्हणजे डाग घालवायला निघालेली बाई नवे डाग घेऊन परत येते. फरक दिसायला तीन महिने तरी लागतात, सुरकुत्यांना त्याहून जास्त. एवढा धीर नसतो, म्हणून क्रीमचा थर जाड होत जातो.

वॅक्सिंग करायचं असेल तर निदान आठवडाभर आधी रेटिनॉल थांबवा. ट्रेटिनॉइन किंवा ॲडापलीन (तेही मुरुमांवरचं याच घराण्यातलं औषध) लावत असाल तर किती दिवस थांबायचं ते डॉक्टरांना विचारा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच संपल्या असतील तर वॅक्सिंगला मी हात लावत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी.

एक ट्यूब मात्र मला रेटिनॉलपेक्षाही छळते. रंग फिकट करणारं हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचं तिहेरी क्रीम. हा संगम क्लिगमन यांनीच १९७५ मध्ये मांडला होता. वांगासाठी, डॉक्टरच्या देखरेखीत, ठरावीक काळ वापरायचं ते औषध. मैत्रिणीने सांगितलं म्हणून गोरं व्हायला ते महिनोन् महिने लावणाऱ्या बायका येतात. गालावर बारीक लाल शिरा उमटलेल्या असतात आणि क्रीम सोडलं की चेहरा भडकतो, म्हणून सोडवतही नाही. रेटिनॉलवरच्या लेखाशेजारी यावर दोन ओळी असत्या तरी पुष्कळ होतं.

सगळ्यात गंभीर गाळलेली गोष्ट गरोदरपणाची. आयसोट्रेटिनॉइन पोटात गेलं तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं, हे सिद्ध आहे. वरून लावलेलं रेटिनॉल रक्तात फारच थोडं उतरतं. तरीही गरोदरपणात आणि त्याआधी दिवस राहावेत असा प्रयत्न चालू असतानाही ते बंद ठेवा, असाच सल्ला डॉक्टर देतात. सुरकुत्या नऊ महिने थांबू शकतात. अंगावर पाजत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.

कंपन्यांनी टक्केवारी आणि गरोदरपणाची ही सूचना डबीच्या पुढच्या बाजूला, चष्म्याशिवाय वाचता येईल अशी छापावी. आणि क्रीम उघड्या तोंडाच्या काचेच्या बरणीत विकणं थांबवावं. प्रकाश आणि हवा लागली की रेटिनॉल निकामी होत जातं, त्याला अपारदर्शक ट्यूब किंवा पंपच हवा. पण कंपन्या ऐकतील तेव्हा ऐकतील. पुरवणी तुमच्या हातात आहे. पुढच्या वेळी हा विषय घ्याल तेव्हा लेख त्वचारोगतज्ज्ञाकडून तपासून घ्या आणि गरोदरपणाचं वाक्य पहिल्या परिच्छेदात छापा.

आपली,
एक ब्यूटीशियन वाचक