भाजणीचा भाव

स्टुटगार्ट,
रविवार, १६ ऑगस्ट

ती. आई-बाबांना,
सा. न.

मी मजेत आहे. आधी हेच लिहितो, म्हणजे पुढचं नीट वाचाल. दोन्ही वेळा जेवतो, नुसत्या ब्रेडवर राहत नाही. परवा व्हिडिओवर गाल बसलेले दिसले ते खोलीतल्या दिव्यामुळे. दिवा बरोबर डोक्यावर आहे, त्याच्याखाली बाबासुद्धा उपाशी दिसतील. आणि थंडी नाहीये, आई. ऑगस्ट आहे. स्वेटरचं पुन्हा विचारू नकोस.

कॉलेज, खोली, स्वयंपाकाच्या पाळ्या हे सगळं तुम्हाला पाठ आहे. पत्र लिहायला बसलो ते बाबांमुळे. "मार्केटिंगचे चार 'पी' शिकायला जर्मनीला जावं लागतं होय?" असं ते मागच्या रविवारी मागून म्हणाले. फोन स्पीकरवर होता, बाबा. आणि आई, तू भाजणीच्या पाकिटावर किंमत काय छापायची ते विचारलंस, मी सांगायला लागलो, तर दोन मिनिटांत "ते राहू दे, जेवलास का?" कागदावर तसं मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहितोय. वहिनीलाही वाचायला दे, लेबलचं काम तीच बघते आहे ना.

तर 'मार्केटिंग मिक्स', म्हणजे माल विकायला लागणाऱ्या सगळ्या गोष्टींचं मिश्रण, हा शब्द हार्वर्डच्या नील बोर्डेन यांनी रूढ केला. त्यांना तो सुचला जेम्स कलिटन यांच्यामुळे. कलिटन यांनी १९४८ साली धंदा चालवणाऱ्या माणसाला 'घटक मिसळणारा' म्हटलं होतं. वर्गात हे सांगितलं तेव्हा सगळे लिहून घेत होते आणि मला आपली लोखंडी कढई दिसत होती. तांदूळ वेगळे, हरभऱ्याची डाळ वेगळी, उडीद वेगळे, धणे-जिरे शेवटी. प्रत्येकाची आच निराळी, पण दळायचं एकत्र. आणि एक उडीद करपले की सगळी भाजणी कडू. बोर्डेन यांची यादी बारा घटकांची होती. जेरोम मॅकार्थी यांनी १९६० साली सगळं चार खणांत बसवलं : प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन. म्हणजे माल, भाव, जागा आणि बोलबाला. हेच ते चार 'पी'. बाबा, नावं पाठ करायला जर्मनी लागत नाही हे कबूल.

मालाबद्दल मी तुला काय शिकवणार? फक्त 'अंदाजे' हा शब्द आता सोड. मागच्या वेळी बाबांनी पाठवलेल्या दोन पिशव्यांपैकी एक खरपूस होती आणि दुसरी फिकी. घरात चालतं, पैसे देऊन घेणाऱ्या बाईला चालत नाही. वजनं वहीत लिही. आणि पाकिटाच्या मागे कृती छाप, वाटीला पाणी किती, कांदा किती. रात्री आठच्या विरार लोकलने घरी पोचणारी बाई पीठ विकत घेत नाही, ती पंधरा मिनिटांत ताटात पडणारं थालीपीठ विकत घेते. तिच्यासाठी २०० ग्रॅमचं पाकीट काढ, किलो तिच्या डब्यात पोरकिडे होईपर्यंत पडून राहतं. श्रावण लागलाय, उपवासाची भाजणी आता पुढे कर, साधी मागे. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, चौदा आकडी नंबर, वजन, पॅकिंगची तारीख, हिरवा ठिपका, सगळ्या करांसकट एमआरपी, हे वहिनीने केलं असेलच. तरी एकदा बघ.

आता जागा. इथे मला एक गोष्ट सांगायचीच आहे, ती सांगितल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही.

मी राहतो तिथून ट्रामने शेवटच्या स्टॉपला उतरलं की शेतं लागतात. रस्त्याच्या कडेला एक फुलांचं शेत आहे. सूर्यफूल, डेलिया, ग्लॅडिओलसच्या रांगाच्या रांगा. कुंपण नाही. माळी नाही. दुकान नाही. एक लाकडी फळा आहे, त्यावर लिहिलंय 'फुलं स्वतः कापा'. खाली भाव : ग्लॅडिओलस एक नग अमुक, सूर्यफूल तमुक. फळ्याला दोरीने दोन-तीन सुऱ्या बांधलेल्या. तुम्ही गाडी थांबवायची, शेतात शिरायचं, हवी ती फुलं कापायची, स्वतःच मोजायची, स्वतःच हिशोब करायचा आणि पेटीत पैसे टाकून निघून जायचं. बघणारं कोणीही नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दहा मिनिटं नुसता उभा होतो, कोणीतरी येईल म्हणून. कोणी आलं नाही. एक चिमणीसुद्धा नाही.

बाबा विचारतील, चोऱ्या होत नाहीत? होतही असतील. पण पेटी बघितली मी नीट. जाड लोखंडाची, खाली सिमेंटात पुरलेली, वर जेमतेम नाणं जाईल एवढी फट. म्हणजे विश्वास आहे, पण त्याला कुलूप आहे. आणि बाबा, बेस्टमध्ये जन्मभर सुट्या पैशांवरून डोकं पिकवलेल्या माणसाला ही पुढची गोष्ट कळेल : पेटी सुटे परत देत नाही. माझ्यासमोर एका आजीबाईंनी फुलं कापली, पर्समध्ये बोटं घालून नाणी चाचपली, पुरेना, मग पाचाची नोट घडी घालून फटीतून सरकवली. दोन पावलं गेल्या, थांबल्या, हिशोब केला असावा, मागे आल्या आणि अजून एक सूर्यफूल कापून घेतलं. काउंटरवर बसून असा ग्राहक सांभाळायला तीन माणसं लागतात. इथे फळा, सुरी आणि पेटी. माल जिथे उगवतो तीच जागा, मजूर गिऱ्हाईकच, जाहिरात म्हणजे रस्त्यावरून दिसणारी पिवळी रांग.

माझ्याकडे त्या दिवशी फक्त कार्ड होतं. दोन ग्लॅडिओलस कापून झाल्यावर लक्षात आलं. सोमवारी कॉलेजनंतर परत ट्रामने जाऊन पैसे टाकून आलो, तिकिटासकट ती फुलं मला गुलाबापेक्षा महाग पडली. फुलं कुणासाठी असं आता तू विचारशील. घरमालकीणबाईंसाठी. सत्तरीच्या आहेत.

गिरगावात हे चालणार नाही, मला माहीत आहे, हसू नका. दादर फुलमार्केटला पहाटे झेंडू मोजताना डोळ्यात तेल घालणारी माणसं आपण. मुद्दा असा की जागा ठरली की बाकीचे तीन आपोआप हलतात. तू ठाकुरद्वारच्या दुकानात पाकिटं ठेवणार असशील तर दुकानदार त्याचा वाटा घेणार. लोकलमध्ये बायकांच्या डब्यात, भिशीत, हळदीकुंकवात विकशील तर वाटा नाही, पण तुझे पाय लागणार. दिवाळीआधी दादरच्या हॉलमधल्या प्रदर्शनात टेबल घ्यायचं तर भाडं. यातलं कुठलंच फुकट नाही. आणि दुकानात ठेवलंसच तर कुठल्या फळीवर ते बघ. जर्मनमध्ये खालच्या फळीवरच्या मालाला एक शब्द आहे, त्याचा अर्थ 'वाकून घ्यायचा माल'. डोळ्यांसमोरची फळी विकते, पायाजवळची धूळ खाते.

हे मला कसं माहीत, तर फळ्या मीच लावतो. तुम्हाला 'ऑफिसात अर्धवेळ' सांगितलं होतं. सुपरमार्केट आहे. खोटं नव्हतं अगदी, मागे एक ऑफिसही आहे. काम माझ्या विषयातलंच आहे, युरोपबाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांना वर्षातून १४० पूर्ण दिवस काम करायची कायद्याने परवानगी आहे, आणि सगळेच करतात. बाबा, उगाच तोंड करू नका. तुम्हीही डबल ड्यूट्या केल्यात.

आणि त्या फळ्यांमुळेच तुझ्या भाजणीच्या भावाकडे येतो. इथे २०२६ साली किमान मजुरी तासाला १३.९० युरो झाली. टोमॅटोचे डबे पुढे सरकवायचेही तासावर पैसे. आता तुझा हिशोब, वहिनीने पाठवलेला, अर्ध्या किलोच्या पाकिटाचा. धान्य ४८ रुपये, दळण ८, गॅस ४, पिशवी-लेबल ७. झाले ६७. तू म्हणतेस ८० छापू, "१३ रुपये सुटतात की." सुटत नाहीत. दुकानदार वीस टक्के घेणार, म्हणजे १६. प्रत्येक पाकिटामागे तीन रुपये तू त्यालाच देणार. शिवाय छापील किमतीच्या वर त्याला विकता येत नाही, म्हणजे त्याचा वाटा त्या ८० मध्येच बसवायचा.

पण माझं भांडण त्या तीन रुपयांशी नाहीच. हिशोबात तू कुठे आहेस? पाच किलोची भाजणी करायला तुला तीन तास लागतात, तांदूळ धुऊन पंचावर वाळत घालणं सोडून. तासाला ६० रुपये धरले, ते आपल्याकडेही काही फार नाहीत, तर १८० रुपये झाले. दहा पाकिटांवर वाटले की पाकिटाला १८. म्हणजे खर्च ६७ नाही, ८५. म्हणून १२० छाप. दुकानदाराचे २४ गेले की ९६ उरतात, त्यात तुझी मजुरी निघून वर ११. त्यातून पुढच्या महिन्याचं धान्य, फुटलेली पाकिटं, न खपलेला माल. "कोण घेणार १२० ला?" घेतील. स्वस्त दिलंस तर उलट विचारतील, डाळ कमी घातली का.

आपल्याच गिरगावातलं उदाहरण आहे. १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, पहिल्या दिवशी चार पाकिटं. तेच पुढे लिज्जत झालं. तिथे लाटण्याच्या मजुरीला नाव आहे, 'वणाई'. कामाला नाव दिलं की ते हिशोबात येतं. तू तुझ्या कामाला काय म्हणतेस? "घरचंच आहे."

तू हा हिशोब आयुष्यात कधी केला नाहीस आणि तो न केल्यामुळेच मी इथे बसून तुला शिकवतोय, हे मला कळतं. असो.

जाहिरातीवर खर्च करू नका. दादाला सांग, इन्स्टाग्रामवर पाकिटाचा फोटो नको, तव्यावरच्या थालीपिठाचा टाक, मधल्या भोकात लोणी विरघळताना. आणि पहिल्या वीस जणींना विकत दे, वाटू नकोस. फुकट मिळालेल्या भाजणीला सगळ्या "छान" म्हणतात. पुढे १९८१ मध्ये बूम्स आणि बिट्नर यांनी सेवांसाठी आणखी तीन पी जोडले, ते तुला आत्ता लागत नाहीत. टिफिन सुरू केलास की बघू.

आता घरचं. परवा तीस हजार पाठवलेत, पोचले असतील. ते तुझ्या बँकेतल्या पाटल्या सोडवण्यासाठी आहेत. हे दुसऱ्यांदा लिहितोय, कारण मागच्या वेळचे पाठवलेले पैसे सीलिंग मशीनला गेले असं वहिनीकडून कळलं. तिला बोलू नकोस, मीच खोदून विचारलं. मशीन हवंच होतं, मला राग नाही. पण बँकेचं व्याज पाटल्यांवर चढतंय, मशीनवर नाही. शैक्षणिक कर्जाचे हप्ते अजून सुरू व्हायचेत, त्याची काळजी माझी. बाबांनी त्यासाठी एफडी मोडायची नाही.

ठाण्याच्या स्थळाबद्दल : फोटो बघितला. चांगली आहे, म्हणून तर नको म्हणतोय, तिला थांबवून कशाला ठेवायचं? थीसिस व्हायचा आहे, नोकरी नाही. आणि नाही आई, इथे कोणी नाही. असतं तर सांगितलं असतं. निदान वहिनीला तरी.

डिसेंबरात ताईच्या मुंजीला, चुकलो, ताईच्या मुलाच्या मुंजीला येणं जमत नाही. तिकिटाचे पैसे आणि पाटल्या, दोन्ही एकदम होत नाहीत. तिला मी वेगळं लिहितो, तू आधी सांगू नकोस. गणपतीलाही हे दुसरं वर्ष. आरतीच्या वेळी फोन तबकाच्या बाजूला उभा कर, मागच्या वर्षी दादाने धरला होता तेव्हा दीड तास मला फक्त पंखा दिसला.

छोटीला पापा. तिला सांग, काकाने फुलांचं शेत बघितलं, फोटो पाठवतो.

तुमचा,
बाळ्या

ता. क. पार्सल पाठवलंस तर तूप घालू नकोस, बाहेरून दुधाचे पदार्थ इथे येऊ देत नाहीत, काढून टाकतील. भाजणी चालेल. एकच पाकीट पाठव, आणि त्यावर १२० छापलेलं असू दे.