विजेवरच्या विमानांना रविवारचे दोन तास मैदान हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हल्ली मैदानावर रिमोटचं कुठलंही विमान हवेत गेलं की खाली उभ्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘काका, कॅमेरा लावलाय का त्याला?’ परवा एका बाईंनी तर थेट विचारलं, की आमच्या गॅलरीचं शूटिंग चाललंय का. माझं विमान फोमशीटचं, पंखाला जागोजागी सेलोटेप. कॅमेरा राहू द्या, त्याला मी अजून धड रंगही दिलेला नाही. बाईंचा राग मात्र खोटा नव्हता. पुण्यात असा छंद असलेली माणसं आहेत, ती नेमकं काय करतात, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. सांगणार कोण? आम्ही एकमेकांनाच ओळखत नाही. त्यासाठीच हे पत्र.

मी भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालो. कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये बाल्सा या हलक्या लाकडाचं पहिलं ग्लायडर केलं, ते खूळ डोक्यातून गेलं नाही. पुढे पगार सुरू झाल्यावर रेडिओ संच घेतला. त्या काळच्या संचात नखाएवढा क्रिस्टल असायचा आणि त्याच्यावर तुमचा चॅनेल ठरायचा. दोघांचा चॅनेल एकच असला आणि एकाचं विमान वर असताना दुसऱ्याने आपला ट्रान्समीटर चालू केला, की वरचं विमान गेलंच. म्हणून आम्ही मैदानावर एक फळी न्यायचो, तिला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावलेले, प्रत्येकावर चॅनेलचा आकडा. चिमटा ज्याच्या खिशाला, त्यानेच बटण दाबायचं. बाकीच्यांनी वाट बघायची. वाट बघत बसलेला माणूस किती वेळ गप्प राहणार? कुणाचं इंजिन गरम होतंय, कुणाची मुलगी दहावीला बसलीय, सगळं त्या फळीपाशी कळायचं.

मग २.४ गिगाहर्ट्झचे संच आले. आता ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकमेकांना ओळखतात, एका मैदानावर डझनभर विमानं उडाली तरी कुणाचं कुणात अडकत नाही. चिमट्याचं काम संपलं. त्याच सुमारास इंजिनं गेली. मिथेनॉल, त्यात एरंडेल तेल, ते जमवायचं, एकाने विमान धरायचं, दुसऱ्याने पंखा फिरवायचा, हा सगळा खटाटोप ब्रशलेस मोटर आणि लिथियम पॉलिमर बॅटरीने एका झटक्यात संपवला. आवाज नाही, धूर नाही, शर्टाला एरंडेलाचा वास नाही (आमच्या घरी या शोधाचं माझ्यापेक्षा जास्त स्वागत झालं). मुलं विमान पाठीवरच्या पिशवीत घालून स्कूटरवरून येतात, आठ मिनिटं उडवतात आणि निघून जातात. धरायला कुणी लागत नाही, विचारायला कुणी लागत नाही. सोय केवढी झाली! आणि प्रत्येकजण आपापल्या कोपऱ्यात एकटा पडला.

मागच्या हिवाळ्यात पौड रस्त्यापलीकडच्या एका मोकळ्या जागेवर इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी भेटला. सकाळचे सात. त्याने विमान हाताने फेकलं, ते नाक वर करून उभं राहिलं, थबकलं आणि शेपटीवर आपटलं. उचललं, फेकलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी उठून गेलो. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांशावर, दोन्ही बाजूंना, एकेक बोट टेकवून विमान उचललं, तर शेपूट धपकन खाली. गुरुत्वमध्य मागे होता. बॅटरी पुढे सरकवली, तरी थोडं कमी पडत होतं. खिशात पाचाची दोन नाणी होती, ती नाकाला टेपने चिकटवली. चौथ्या फेकीला विमान सरळ गेलं. पोरगं ओरडायचंही विसरलं.

वळून ते आमच्याकडे येऊ लागलं तशी त्याची पुन्हा तारांबळ. समोरून येणाऱ्या विमानाचं डावं-उजवं उलटं होतं, नव्या माणसाची निम्मी विमानं इथेच मोडतात. मी म्हटलं, ‘जो पंख खाली झुकलेला दिसतोय ना, रिमोटची काठी त्याच बाजूला ढकल. खालून टेकू देतोयस असं समज.’ जमलं त्याला. तीन महिने व्हिडिओ बघतोय म्हणाला, आणि अडलं होतं ते दहा रुपयांपाशी. चहा घेताना कळलं की तो आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. त्याच मोटरी, तेच सर्वो (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आम्ही दोघंही कुरिअरने मागवत होतो. कुरिअरवाला दोघांना ओळखत होता, आम्हीच एकमेकांना नाही.

एकटेपणाचा दुसरा तोटा जरा रक्ताळलेला आहे. इंजिन सुरू असलं की अर्ध्या मैदानाला कळायचं. विजेची मोटर गप्प पडून असते, आणि बॅटरी जोडली त्या क्षणापासून तिचा भरवसा नाही. जानेवारीतल्या एका पहाटे माझ्या स्वेटरची बाही थ्रॉटलच्या, म्हणजे मोटरचा वेग वाढवायच्या, काठीला लागली आणि दहा इंची पंखा करंगळीवरून गेला. तीन टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं कशाने कापलं, मी म्हटलं विमानाने. त्यांनी चष्म्यावरून दोनदा पाहिलं. बॅटरी सगळ्यांत शेवटी जोडायची, उतरल्यावर सगळ्यांत आधी काढायची, हे मला पाठ होतं. पण शेजारी कुणी असतं तर ‘काका, विमान धरलंय ना?’ एवढं तरी म्हणालं असतं.

बॅटरीचंही तसंच. या बॅटरीचा एकेक सेल ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२. उडवायचं नसेल तेव्हा ३.८ च्या आसपास ठेवावा. आमच्या या मुलाने परीक्षेआधी तीन बॅटऱ्या पूर्ण भरून कपाटात ठेवल्या, त्याही कपड्यांच्या खणात. महिन्याने एक पुरीसारखी टम्म फुगलेली निघाली. तशी बॅटरी पेट घ्यायला फार काही लागत नाही. मी गच्चीवर मातीच्या कुंडीत वाळू भरून ठेवलीय, चार्जिंग तिथेच, आणि तेवढा वेळ स्टूल टाकून शेजारी बसायचं. चार्जिंगला लावून भाजी आणायला जायचं नाही.

आता कायद्याचं. ‘ड्रोन नियम २०२१’ वाचले की बरीच भीती जाते. २५० ग्रॅमपर्यंतचं यान ‘नॅनो’, त्यापुढे २ किलोपर्यंतचं ‘मायक्रो’. नॅनोला, आणि धंद्यासाठी नसेल तर मायक्रोलाही, पायलटचा परवाना लागत नाही. आमची बहुतेक विमानं यातच बसतात. खरी मेख जागेची आहे. विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काही उडवता येत नाही, ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत मोकळीक, त्यापलीकडे ‘हिरव्या’, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या, भागात ४०० फूट. आणि आपल्या गावात लोहगावला हवाई दल, खडकवासल्याला एनडीए, मध्ये लष्कराच्या किती जागा, ते पुणेकराला सांगायला नको. त्यामुळे सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या संकेतस्थळावरचा नकाशा उघडून बघितल्याशिवाय पिशवीची चेनसुद्धा उघडू नये. हे नव्या मुलांपैकी किती जणांना ठाऊक आहे? वर्गात कुणी शिकवत नाही आणि खोक्यावर छापलेलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं दोघांसाठी आहे. पहिलं आमच्याच मंडळींना. कुठलंही एक मैदान आणि रविवार सकाळ ठरवा. मंडळ नको, अध्यक्ष-उपाध्यक्ष-खजिनदार तर मुळीच नको. पुण्यात घटना लिहायला घेतली की चौथ्या बैठकीला दोन मंडळं होतात. एक दोरी पुरे. दोरीच्या अलीकडे माणसं, पलीकडे विमानं. उतरताना मोठ्याने ‘उतरतोय!’ म्हणायचं. दर रविवारी एकाने उडवायचं नाही, फक्त आकाश आणि माणसं बघायची; घार जवळ आली, फिरायला आलेले कुणी दोरी ओलांडून गेले, की विमानं खाली. मोडलेल्या विमानांतले सर्वो, पंखे, तारा एका खोक्यात टाकायच्या, लागेल त्याने उचलायच्या. तापकीर गल्लीत काय कुठे मिळतं हे जुन्यांना ठाऊक, थ्रीडी प्रिंटरवर मोटरचं माउंट कसं काढायचं हे नव्यांना. आमच्यातली एक मुलगी इतकं स्वच्छ सोल्डरिंग करते की टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाने मान खाली घालावी. विमान आठ मिनिटं उडतं आणि बॅटरी भरायला तास जातो, म्हणजे गप्पांना वेळ आयता आहे. चिमट्यांची फळी गेली, तिच्या जागी आता चार्जर.

दुसरं, ज्यांच्याकडे मैदानं आहेत त्या महापालिकेला आणि महाविद्यालयांना. हिरव्या भागातलं, वस्तीला लागून नसलेलं एक मैदान रविवारी साडेसहा ते साडेआठ द्या. पावसाळ्यात नको, चिखलात आम्हीही उडवत नाही. एका महाविद्यालयाकडे आम्ही अर्ज केला होता. उत्तर आलं, ‘क्रिकेट सोडून इतर खेळांना परवानगी नाही.’ तेव्हा त्या मैदानावर एक लग्न चालू होतं. आमच्याकडून लेखी हमी घ्या: दोन किलोच्या आतलं विमान, कॅमेरा नाही, प्रेक्षकांच्या डोक्यावरून उड्डाण नाही. नियम मोडणाऱ्याचं विमान त्या दिवशी पिशवीत. शाळेतली मुलं आली तर फोमशीटच्या तुकड्यातून हाताने फेकायचं ग्लायडर आम्ही त्यांच्याकडून करून घेऊ, त्याला ना बॅटरी लागते ना परवाना. आणि गॅलरीवाल्या बाईंनाही बोलावू. ट्रान्समीटर त्यांच्या हातात, शिकवणाऱ्याचा दुसरा माझ्या हातात, वायरलेसने जोडलेले. विमान वाकडं गेलं तर मी सांभाळेन.

सध्या आम्ही सहा जण आहोत. चार चार्जर, एक दोरी, एक सतरंजी आणि मोडक्या भागांचं अर्धं भरलेलं खोकं एवढी मालमत्ता. गेल्या रविवारी रखवालदाराने हटकल्यावर दोन जागा बदलल्या, तिसऱ्या जागी पोचेपर्यंत वारा सुटला होता. सतरंजी न उलगडताच परत आलो.

आपला,
विमानवेडा निवृत्त टूलमेकर
कोथरूड, पुणे ३८