तू गाळलेली वाक्यं

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू कचऱ्याचं पुराण लावलंस आणि इकडे बाबांना नि मला हसू आवरेना. जर्मनीत तुझ्या आखेनला पिवळी पिशवी वेगळी, कागद वेगळा, ओला कचरा वेगळा, काचेच्या बाटल्या तर रंग बघून टाकायच्या आणि त्याही रविवारी नाही, कारण खळकन आवाज होतो! "आई, वेडे आहेत गं हे लोक." अरे, हे तू मला सांगतोस? तोक्योत निशी-कासाईच्या आपल्या बिल्डिंगखाली, कावळ्यांसाठी अंथरलेल्या जाळीपाशी उभं राहून सहा वर्षांच्या तूच मला शिकवलं होतंस, की बाटलीचं झाकण काढायचं, लेबल सोलायचं, आतून विसळायची, मग टाकायची.

२००९च्या ऑक्टोबरात आपण तिथे गेलो. पहिल्याच महिन्यात आपली पिशवी उचललीच नाही, वर एक कागद चिकटवून तशीच ठेवली. मला वाटलं, झालं, दंड. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तसंच झालं, तेव्हा तू उकिडवा बसून बोट ठेवत अक्षरं लावलीस. हिरागाना ही सोपी अक्षरं वाचायचास, कांजी ही अवघड चित्राक्षरं आली की गिळायचास. "आज जळणारा कचरा नाहीये, आई. परत वर ने." नवव्या मजल्यावर ती पिशवी घेऊन जाताना लिफ्टमध्ये शेजारच्या आजी, ओबाआसान, भेटल्या. तू त्यांना वाकून नमस्कार केलास आणि मी पिशवी पाठीमागे लपवली.

इंडियन स्कूलची फी परवडणारी नव्हती, म्हणून तुला वॉर्डाच्या सरकारी शाळेत घातलं. त्या एका निर्णयाने घरातली वरिष्ठता उलटी झाली. वॉर्ड ऑफिस, दाताचा डॉक्टर, गॅसवाला, सगळीकडे दुभाषी तू. बाबांचं ऑफिसातलं जपानी "हाय, हाय" म्हणजे हो, हो आणि मान डोलावण्यापुरतं. माझं तर भाजीवाल्यापुरतंही नाही.

ती वही आठवते? रेनराकुचो. तुझ्या बाई, सेन्सेई, रोज त्यात दोन ओळी लिहायच्या आणि पालकांनी वाचून शिक्का मारायचा. आपल्या आडनावाचा काताकाना लिपीतला शिक्का बाबांनी हौसेने करून आणला होता. तू वाचून दाखवायचास, मी ठप्पकन मारायची. "सेन्सेई म्हणतात, छान." "आज?" "आजपण छान." तीन महिने मुलगा नुसता छान! मग पालकभेटीला तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी माझ्यासोबत आल्या, त्यांना भाषा येत होती. तिथे कळलं की सोमवारी धुऊन न्यायचे वर्गातले बूट तू दर आठवड्याला घरीच विसरतोस, आणि डब्यावरून एका मुलाला ढकलून दिलंस.

डबा म्हणजे मीच हट्टाने दिलेला. शाळेच्या जेवणात साध्या सुपालाही माशाचं पाणी, आणि आपल्याकडे चालत नाही. सगळी पोरं पांढरे एप्रन घालून एकमेकांना वाढायची, एकाच जेवणाला बसायची आणि तू एकटा स्टीलचा डबा उघडायचास. बटाट्याच्या भाजीला कुणी रंगपेटीतला पिवळा म्हणालं. घरी यातलं अक्षर नाही! दुसऱ्या दिवशी मी गुपचूप हळद न घालता भाजी दिली, तर संध्याकाळी डबा तसाच परत. "आई, आज भाजी आजारी होती का?"

हे सगळं गंमत म्हणून सांगता येतं. दुसरं मी तुझ्यापाशी कधी नीट बोलले नाही.

११ मार्च २०११, शुक्रवार, दुपारी २ वाजून ४६ मिनिटं. मी ओट्यापाशी होते. भूकंप आपल्याला नवा नव्हता, पण तो थांबेचना. कपाटाची दारं आपोआप उघडून डबे खाली आले, साबुदाणा घरभर. लिफ्ट बंद होती. नऊ मजले उतरून शाळेत पोचले तर मैदानात पोरं रांगेत बसलेली, डोक्यावर त्या एरवी खुर्चीवर गादीसारख्या असणाऱ्या जाड टोप्या. सेन्सेईंनी यादीत खूण करून तुला माझ्या हातात दिलं. बाबांचा फोन लागत नव्हता, तोझाई मेट्रो लाइन बंद. मी ठरवलं, बाबा चालत आले तर आराकावा नदीच्या पुलावरूनच येणार, आपण नदीकाठी जाऊन उभं राहू.

खांबावरचे भोंगे बोलत होते. लांबलचक. मी विचारलं, "काय म्हणतायत?" तू म्हणालास, "भूकंप झाला म्हणतायत." "एवढंच?" "एवढंच."

बंधाऱ्यावर आपण पंधरा मिनिटं उभे होतो. थंडी होती, तू माझी करंगळी धरलेली. मग एक सायकलवाले आजोबा थांबून आपल्यावर ओरडायला लागले, हाताने 'मागे जा, मागे जा' दाखवत. तेव्हा मला समजलं. भोंगा सांगत होता की त्सुनामी येऊ शकते, समुद्राजवळ आणि नदीजवळ जाऊ नका. बाबा रात्री दहाला आले, ओतेमाचीच्या ऑफिसातून पायी, टाचेला फोड घेऊन.

मला वाटायचं, तुला तो शब्द कळला नसेल. दहावीत असताना पुण्यात जेवताना तू सहज बोलून गेलास, "कळला होता. तू रडली असतीस म्हणून नाही सांगितला." मी काही बोलले नाही, तुझ्या ताटात आणखी एक पोळी टाकली. पण सात वर्षांच्या पोराने आईला घाबरवायचं की नदीपाशी जाऊ द्यायचं, यातलं काहीतरी निवडलं, हे अजून घशाखाली उतरत नाही.

पुढचं तुला माहीतच आहे. ब्रेड, दूध, बॅटऱ्या दुकानांतून गायब. मग फुकुशिमाच्या अणुप्रकल्पातल्या किरणोत्सर्गामुळे २३ तारखेला नळाचं पाणी तान्ह्या बाळांना देऊ नका म्हणून जाहीर झालं आणि साताऱ्याहून आजीचे दिवसाला पाच फोन सुरू झाले. आपण तीन आठवडे घरी येऊन राहिलो. ओबाआसान कुठेच गेल्या नाहीत. परतल्यावर आपल्या दारातल्या कुंडीला पाणी घातलेलं होतं.

तर परवाचा फोन. "रूममेट छान, जेवण छान, थंडीपण काही फार नाही." दोन वेळा छान, आणि त्यात दोनदा खोकलास. मी वहीवर ठप्पकन शिक्का मारायचे दिवस गेले रे. काय गाळलंस ते लिही. डॉक्टरकडे गेलास का, विम्याचं कार्ड आलं का, आणि तिथल्या मुलांसोबत जेवतोस की खोलीत एकटा?

मेतकूट आणि गोधडी पाठवतेय. बाबा म्हणतात, गोधडीपेक्षा टपालखर्च जास्त होईल. होऊ दे.

तुझी,
आई

ता. क. भाजीत हळद घालतोस ना?